काझी, मुफ्ती आणि आपाची चार वर्षं

आमचं आडनाव मुलाणी. हे आडनाव म्हणजे खरं तर एक जुनं काम आहे. पणजोबांच्या काळात गावात बकरं कापायचं असलं की सुरी मुलाण्याची लागे. मुसलमानांची चार घरं होती, त्यांचे निकाह तोच पढवी आणि मयताची नमाजही तोच. अब्बांपर्यंत येता येता काम गेलं आणि नाव राहिलं. अब्बांना कोंबडी कापतानासुद्धा तोंड फिरवावं लागे. ते गुलाब लावायचे. म्हणजे माणसाच्या नावाला जे चिकटलेलं असतं ते तो माणूस करतच असेल असं नाही, हे मला घरातच कळायला हवं होतं. शाळेत आम्हाला भूगोल शिकवायला काझी सर होते. बाजारात स्टोव्ह दुरुस्त करणाऱ्या एका माणसाला सगळे मुल्लाजी म्हणत आणि तो मशिदीत फक्त ईदेला दिसे. तरीही सतरा वर्षांची होईपर्यंत मौलाना, मौलवी, हाफिज, इमाम, मुफ्ती, काझी हे सगळे शब्द माझ्या लेखी एकाच माणसाचे होते: पांढरे कपडे, दाढी, अत्तराचा वास. ते शब्द सुटे करायची वेळ आली ती आपामुळे, माझ्या थोरल्या बहिणीमुळे.

नाशकात पेठ रस्त्याला शहर संपून मळे सुरू होतात तिथे आमचा दीड एकराचा तुकडा होता. अर्ध्यात गुलाब, बाकीच्यात भाजी. पहाटेच्या बांगेनंतर अब्बा आणि अम्मी कात्र्या घेऊन वाफ्यांत उतरत, आणि आमचं घर जागं व्हायचं ते त्या कात्र्यांच्या खट्‌खट् आवाजाने. शेजारच्या मळ्यातले दगूआबा झेंडू लावत. त्यांचा झेंडू आणि आमचा गुलाब एकाच टेम्पोतून फुलबाजारात जाई, आणि तिथून कुठला गुलाब पंचवटीत देवाला जाई नि कुठला दर्ग्यावर चादरीला, हे ना आबांना ठाऊक ना अब्बांना. बाजारातून परत आलेली, पाकळ्या गळायला लागलेली फुलं अम्मी खडीसाखरेत घालून बरण्या उन्हात ठेवी. त्या गुलकंदाच्या वासात, वर बाजरीची भाकरी आणि लसणाचा ठेचा खात मी वाढले. घरात आम्ही दखनी बोलायचो, बाहेर मराठी. सगळं बोलणं मी इथे मराठीतच लिहिते आहे. चाळीस वर्षं मुलांना मराठी शिकवल्यावर आता मला माझ्या आईची भांडणंही मराठीतच आठवतात.

आपाचं नाव रुखसाना. तिचं लग्न नांदगावला दिलं होतं. सलीमभाई दिसायला देखणे, बोलायला कमी. लग्नानंतर दीड वर्षाने ते सुरतेला कापडाच्या गिरणीत कामाला गेले. सुरुवातीला दर महिन्याला कार्ड यायचं, 'इथे सर्व खैरियत' एवढंच लिहिलेलं. मग कार्ड बंद झालं. सासऱ्यांनी माणूस पाठवला, तर गिरणीत सांगितलं की त्याचा हात मशिनीत गेला होता, इस्पितळातून सुटला आणि नंतर कामावर आलाच नाही. एक वर्ष गेलं, दोन गेली. आपा सासरी धुणीभांडी करत राहिली. तिसऱ्या वर्षी अम्मी तिला भेटायला गेली आणि येताना घेऊनच आली. म्हणाली, "पोरीच्या अंगावर हाडं उरली नाहीत. नवरा येईल तेव्हा येईल, तोवर पोरगी माझ्याकडे."

आपा घरी आली खरी, पण ती कोण म्हणून आली हे कुणालाच ठरवता येईना. ती लग्न झालेली होती, तर नवरा कुठे? विधवा होती, तर मयत कुठे? शेजारणी हळदीकुंकवाला बोलवायच्या तेव्हा आमच्याकडेही यायच्या, पण दाराशी थबकायच्या. अम्मी एक दिवस तिच्या हातात हिरव्या बांगड्या भरायची आणि दुसऱ्या दिवशी त्या बघून रडायची. लग्नाच्या घरी आपाने पुढे बसायचं की मागे, यावरून अम्मी आणि फुफीचं, म्हणजे अब्बांच्या बहिणीचं, एकदा जोरात भांडण झालं. आपा फुलं तोडायची, चुलीपुढे बसायची, आणि रस्त्यावर एसटी थांबली की मान वर करायची. मला वाटे ती त्याची वाट बघते. कधी वाटे, तो येईल म्हणून घाबरते. मी बारावीत होते आणि मला सगळं कळतं असा माझा समज होता.

चार वर्षं होत आली तेव्हा फुफीने एक स्थळ आणलं. शहरात बेकरी चालवणारा युनुस नावाचा माणूस, बायको बाळंतपणात गेलेली, स्वभावाने गरीब. आपाला चालेल का हे कुणी विचारलं नाही, कारण त्याआधी एक मोठा प्रश्न होता: आपाचं लग्न लावता येतं का? हे कुणाला तरी विचारायला हवं होतं. अब्बा म्हणाले, "इमामसाहेबांना विचारू. त्यात काय."

आमच्या वस्तीच्या मशिदीतले इमामसाहेब बिहारकडचे होते. आख्खं कुराण पाठ असलेले हाफिज, वयाने जेमतेम सव्वीस. ते आमच्या ओसरीवर बसले, चहाची बशी हातात धरून त्यांनी सगळं ऐकलं आणि त्यांचे कान लाल झाले. म्हणाले, "चाचा, मी नमाज पढवतो. मुलांना कुराणाचा सिपारा शिकवतो. इमाम म्हणजे पुढे उभा राहणारा, बस. सफ, म्हणजे नमाजींची रांग, सरळ आहे की नाही एवढं मी सांगू शकतो. ही बाई कुणाच्या निकाहात आहे हे सांगायचा मला हक्क नाही. तुम्ही मुफ्तीसाहेबांना विचारा."

"मुफ्तीसाहेब म्हणजे मोठे इमाम का?" मी आतून विचारलं.

"नाही, बहन. त्यांच्या मागे मी नमाज पढतो, तेही कधी माझ्या मागे पढतात. ते वेगळं, हे वेगळं."

त्यांनीच उर्दूत सवाल लिहून दिला. नाव न घालता, 'एक औरत आहे, तिचा शौहर बेपत्ता आहे' असा. मला तो वाचून फार राग आला होता, कारण त्या कागदात आपा कुठेच नव्हती. 'हिंदा' असं कुठलंतरी नाव घातलं होतं. इमामसाहेब म्हणाले, असाच रिवाज आहे, सवालात खरं नाव लिहीत नाहीत. आज मला ती पद्धत शहाणपणाची वाटते. तेव्हा वाटलं, आधीच ही बाई कुठली ते ठरत नाहीये, त्यात तिचं नावही काढून घेतलं.

मुफ्तीसाहेब जुन्या नाशकात एका मदरशात बसत. अब्बा आणि मी सायकलवरून गेलो. आपा आली नाही. खोली पुस्तकांनी इतकी भरलेली होती की बसायला जागा करताना एका विद्यार्थ्याला चार ग्रंथ उचलून मांडीवर घ्यावे लागले. मुफ्तीसाहेब वृद्ध, डोळ्यांना जाड भिंगं, आवाज मऊ. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि सांगितलं की आठवड्याने उत्तर मिळेल. आठवड्याने मिळालं. शिक्का मारलेलं, दीड पान. त्याचा अर्थ त्यांनीच समजावून सांगितला: आपल्या मजहबात, म्हणजे आपण पाळतो त्या परंपरेत, पूर्वी अशा बाईला जवळजवळ आयुष्यभर थांबावं लागे. उलेमांनी, म्हणजे धर्मपंडितांनी, बायकांचे हाल बघून दुसऱ्या मजहबाच्या इमामाचं (हे इमाम म्हणजे जुने शास्त्रकार) मत घेतलं. बाईने काझीपुढे जावं, काझीने तपास करावा, चार वर्षांची मुदत द्यावी, नवरा नाही आला तर निकाह मोडावा. मग चार महिने दहा दिवसांची इद्दत, म्हणजे पुन्हा निकाह करण्याआधी थांबायची मुदत. मग ती मोकळी.

अब्बांचा चेहरा उजळला. "चार वर्षं तर होतच आली, हजरत."

"चार वर्षं काझीपुढे गेल्यापासून," मुफ्तीसाहेब हळूच म्हणाले. "फार त्रास असेल तर काझी मुदत कमी करू शकतो. एक वर्षसुद्धा."

"मग आपणच करा ना कमी!"

ते हसले, पण ते हसू दुःखी होतं. "भाई, फतवा म्हणजे विचारलेल्याला दिलेलं उत्तर. फैसला नव्हे. मी फक्त सांगू शकतो की किताबात काय आहे. निकाह बांधायचा किंवा तोडायचा हात माझा नाही. तो काझीचा."

परत येताना अब्बा सायकल हातात धरून चालतच राहिले. मग एकदम म्हणाले, "म्हणजे यांना माहीत आहे पण करता येत नाही." थोडं पुढे गेल्यावर म्हणाले, "बरं, ज्याला करता येतं त्याला तरी माहीत असेल ना?"

काझीसाहेबांचं घर मात्र सगळ्यांना ठाऊक होतं. शहरातले कितीतरी निकाह त्यांच्याच घराण्याने लावलेले. उंच, गोरे, शेरवानीचं वरचं बटण कायम लावलेलं. भिंतीवर काचेत मढवलेली एक सनद होती, फारसीत. मजकूर उडालेला, फक्त मोहोर शाबूत. त्यांनी आम्हाला बदामाचं सरबत दिलं आणि सनदेकडे बोट केलं. "आमच्या खापरपणजोबांच्या ओसरीवर खटले चालायचे. जमिनीचे, वारशाचे, तलाकचे. काझी म्हणजे न्यायाधीश. मग इंग्रज आला, त्याने कोर्ट बांधलं, आमचा न्याय तिकडे नेला आणि आम्हाला ही दिली." त्यांनी निकाहाची जाडजूड वही थोपटली. "मी निकाह पढवतो, नोंद करतो, दाखला देतो. तोडण्याचं लिहायला यात रकानासुद्धा नाही."

"पण मुफ्तीसाहेब म्हणाले काझी तोडू शकतो," मी म्हणाले. अब्बांनी माझ्याकडे डोळे वटारले, पण काझीसाहेबांना राग आला नाही.

"ते खरंच सांगतात, बेटी. काझी तोडू शकतो. पण मी तो काझी नव्हे. मी काझी घराण्यातला काझी आहे."

हे वाक्य मी घरी येऊन वहीच्या मागच्या पानावर लिहून काढलं होतं. त्या पानावर मी एक आकृती काढली होती, शास्त्राच्या पुस्तकात असते तशी, बाण काढून: इमाम पुढे उभा राहतो. मुफ्ती सांगतो. काझी ठरवतो, पण आपला काझी ठरवत नाही. मौलाना म्हणजे शिकलेला, कुणालाही आदराने म्हणता येतं. बाण फिरून फिरून आपाच्या नावापाशी येत होते आणि पुढे कुठेच जात नव्हते. आता माझी नात हे सगळे शब्द मोबाइलवर दोन मिनिटांत शोधून मला वाचून दाखवते. सगळं बरोबर असतं. ती विचारते, "यात एवढं न कळण्यासारखं काय होतं, नानी?" आणि मला तिला सांगता येत नाही की अर्थ कळत होते, पण आम्हाला अर्थ नको होता, कुणीतरी हवं होतं.

काझीसाहेबांनी सांगितलं की काही शहरांत उलेमांनी दारुल कजा उघडली आहेत, तिथे नेमलेला काझी असे खटले ऐकतो, तिकडे जा. नाहीतर कोर्टात जा. त्या दिवशी अब्बा बांधावर बसले होते तेव्हा दगूआबा येऊन शेजारी टेकले. त्यांना रोजची खबर लागतच होती.

"मुलाणी, मला एक सांगा. आमच्यात बघा, लग्नाला भटजी, सत्यनारायणालाबी भटजी, भांडण झालं का पंच. तुमच्यात यवढी मान्सं हायेत, मंग यातला सायब कोन?"

"तेच तर शोधतोय, आबा."

"लय अवघड हाय," आबा म्हणाले आणि तंबाखू मळत बसले. मग म्हणाले, "पोरीला इचारलं का?"

अब्बा बांधावरचं गवत उपटत राहिले. मला वाटतं त्या दिवशी तरी त्यांनी तो प्रश्न ऐकलाच नसावा.

कोर्टाचं काम एका वकीलबाईंनी घेतलं. त्यांनी पहिल्यांदा आपाला बोलावलं, समोर बसवलं आणि विचारलं, "तुम्हाला हा निकाह मोडायचा आहे का?" आपाने अब्बांकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, "तिकडे नाही, माझ्याकडे बघा." आपाने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं आणि इतक्या हळू "हो" म्हणाली की बाईंनी पुन्हा म्हणायला लावलं. मुसलमान बायकांसाठी एक जुना कायदा आहे म्हणाल्या, नवऱ्याचा चार वर्षं ठावठिकाणा नसेल तर कोर्ट निकाह मोडून देतं. आणि ही चार वर्षं तो बेपत्ता झाल्यापासूनची. अब्बांनी दोनदा विचारून खात्री केली. घरी येऊन आम्हाला आनंद झाला आणि लगेच भीती वाटली: कोर्टाची चार वर्षं संपली होती, मुफ्तीसाहेबांची सुरूच झाली नव्हती. आपा कोर्टात मोकळी होईल आणि मशिदीत बांधलेली राहील, असं होऊ शकतं का? मुफ्तीसाहेबांना पुन्हा विचारलं तर ते म्हणाले, जजसाहेबांनी मोडलेला निकाह मोडला असं काही उलेमा मानतात, काही मानत नाहीत, काही म्हणतात जज मुसलमान असला तर मानावा. "आणि आपण?" अब्बांनी विचारलं. मुफ्तीसाहेबांनी चष्मा काढून पुसला. "मी म्हणेन की कोर्टाचा कागद आल्यावर दारुल कजातल्या काझीपुढेही जा. म्हणजे कुणाच्या मनात किंतु राहणार नाही."

कोर्टात आपाला एकदाच उभं केलं. जजसाहेब टक्कल पडलेले, सर्दी झालेले. त्यांनी दोन प्रश्न विचारले आणि रुमालाने नाक पुसत काहीतरी लिहिलं. मी इतके महिने ज्या माणसाला शोधत होते तो हाच का, हे मला कळेना. निकाल आपाच्या बाजूने लागला. पण वकीलबाईंनी बाहेर व्हरांड्यात थांबवून सांगितलं, "हा हुकूम सहा महिन्यांनी लागू होईल. तेवढ्यात नवरा येऊन म्हणाला की मी हिला नांदवायला तयार आहे, आणि कोर्टाला ते पटलं, तर हुकूम रद्द."

"म्हणजे आज माझी मुलगी कोण?" अम्मीने विचारलं.

बाईंनी अम्मीचा हात धरला. "सहा महिने काहीच नाही, ताई. थांबा."

थांबलो. बेकरीवाल्या युनुसभाईंनीही थांबायची तयारी दाखवली. ईदेला त्यांनी नानकटाईचा डबा पाठवला, आपाने तो उघडला नाही आणि टाकूही दिला नाही. आणि पाचव्या महिन्यात, गुलाबाची छाटणी चालू असताना, दुपारच्या एसटीतून सलीमभाई उतरले.

कोर्टाच्या हुकमाची नोटीस नांदगावला गेली होती. सासूबाईंनी ती वाचून घेतली आणि हाय खाल्ली. मग सुरतेत गावातला कोण कोण आहे त्याला त्याला निरोप धाडून तिने मुलगा शोधून काढला. चार वर्षं जे कुणाला जमलं नव्हतं ते त्या म्हातारीने चार महिन्यांत केलं. ती त्याच्यामागून उतरली, हातात पिशवी. सलीमभाईंच्या उजव्या हाताची दोन बोटं नव्हती. ते आमच्या अंगणात उभे राहिले आणि त्यांनी सलाम केला. अम्मीच्या हातून परात पडली.

"मी हिला न्यायला आले," सासूबाई म्हणाल्या. "मुलगा जिवंत आहे. उद्याच तो कोर्टात जाऊन सांगेल. झालं गेलं विसरा."

अब्बा इतके गोंधळले की त्यांनी सगळ्यांनाच बोलावलं. इमामसाहेब असरची, म्हणजे दुपारनंतरची, नमाज आटोपून आले. काझीसाहेब रिक्षाने आले, वही काखेत घेऊनच. मुफ्तीसाहेबांना दम्यामुळे चालवत नव्हतं, त्यांनी आपला एक शागीर्द पाठवला. आमची ओसरी छोटी. ते तिघे आणि सलीमभाई सतरंजीवर दाटीवाटीने बसले आणि सगळ्यांनी एकमेकांना पुढे बसायचा आग्रह केला. अब्बा म्हणाले, "आता सांगा."

काझीसाहेब इमामसाहेबांना म्हणाले, "आपण बोला." इमामसाहेब म्हणाले, "आपल्यासमोर मी काय बोलू, हजरत." शागीर्द म्हणाला, मुफ्तीसाहेबांनी सांगितलंय की नवरा हयात असल्याने तो मुद्दाच उरत नाही, बाकी आपण जाणता. शेजारच्या बांधावरून दगूआबा उभे राहून बघत होते. मी दाराआड उभी होते आणि मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं. सलीमभाई खाली मान घालून उरलेल्या तीन बोटांनी सतरंजीचा दोरा ओढत होते. सासूबाई म्हणाल्या, "यात विचारायचं काय? नवरा समोर आहे. उठ रुखसाना, कपडे भर."

तेव्हा आपा बाहेर आली. डोक्यावर पदर होता, हात ओले होते. ती आत भाकरी थापत होती. ती सगळ्यांना सलाम करून म्हणाली, "मला यांच्याशी बोलायचंय. एकटीला."

कुणी हो म्हणालं नाही आणि कुणी नाहीही म्हणालं नाही. इमामसाहेबांनी काझीसाहेबांकडे पाहिलं, काझीसाहेबांनी अब्बांकडे. तोवर आपा अंगणातून गुलाबाच्या वाफ्यांकडे चालू लागली होती आणि सलीमभाई उठून तिच्या मागे निघाले. पाण्याच्या मोटारीच्या खोलीजवळ ते दोघं थांबले. आम्हाला दिसत होतं, ऐकू येत नव्हतं. आपा बोलत होती, बराच वेळ. ते काहीतरी म्हणाले. आपाने पुन्हा काही विचारलं. ते गप्प. मग मी पाहिलं की आपाने त्यांचा तो अर्धा हात आपल्या हातात घेतला आणि उलटापालटा करून नीट पाहिला, डॉक्टर पाहतात तसा, आणि सोडला. पाण्याचा पाट फुटून वाहत होता, कुणाचं लक्ष नव्हतं.

ते दोघं परत आले. आपा ओसरीपुढे उभी राहिली आणि मोठ्याने म्हणाली, "मी खुला मागते. मेहर माफ केली. मला यांच्या निकाहात राहायचं नाही."

खुला म्हणजे बायकोने मागून घेतलेली सुटका; त्यासाठी नवऱ्याने निकाहात कबूल केलेली मेहरची रक्कम ती सोडून देते. नवऱ्याने कबूल केलं की झाली. सासूबाई ओरडल्या, "सलीम, नाही म्हण!" सलीमभाईंनी आपाकडे पाहिलं, आणि म्हणाले, "कबूल आहे. मी खुला दिला."

एवढंच. मग इमामसाहेब पुटपुटले, "दोन साक्षीदार?" काझीसाहेब म्हणाले, "आपण आणि मी." आणि त्यांनी ती जाड वही उघडली, रकाना नव्हता तर समासात लिहिलं, आणि दोघांच्या सह्या घेतल्या. आपाने मराठीत सही केली. सलीमभाईंनी डाव्या हाताने. उद्या कोर्टात जाणार नाही हेही त्यांनी सांगितलं. अम्मीने, कुणी सांगितलेलं नसताना, सगळ्यांना जेवायला वाढलं, सलीमभाईंनासुद्धा: बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत. ते खाली मान घालून दोन भाकरी जेवले आणि संध्याकाळच्या एसटीने आईला घेऊन गेले. एसटी वळणाआड गेल्यावर आपा मोटारीच्या खोलीत जाऊन दार लावून इतकी रडली की अब्बा बाहेर उभे राहून नुसते दार थोपटत राहिले.

मला काही कळेना. सुटका हिनेच मागितली होती. आणि ती मिळाली होती.

आपा मोकळी नक्की कधी झाली, यावर आमच्या घरात पुढे कित्येक वर्षं वाद चालला. काझीसाहेबांच्या वहीत त्या दिवसाची तारीख आहे. कोर्टाच्या कागदाप्रमाणे ती महिन्याभराने मोकळी झाली. मुफ्तीसाहेबांनी लिहून दिलं की खुला झाला तोच खरा, इद्दत त्या दिवसापासून मोजावी. फुफीचं म्हणणं, पोरगी तर तो सुरतेला गेला त्याच दिवशी सुटली होती. आपाने कुणाचंच न ऐकता इद्दत स्वतः मोजली, आणि त्यानंतरही युनुसभाईंना आणखी वर्षभर थांबायला लावलं. ते थांबले. त्यांचा निकाह त्याच काझीसाहेबांनी पढवला आणि खुतबा, म्हणजे निकाहाचं प्रवचन, त्याच इमामसाहेबांनी दिला, ज्यांना तोवर मिशीत एक पांढरा केस आला होता. पुढे आमच्या सगळ्या गल्लीत ही गोष्ट सांगितली जाऊ लागली: मुलाण्याच्या रुखसानाने सगळ्या मोठ्या मोठ्या लोकांसमोर उभं राहून नवरा सोडला. मीसुद्धा ती अशीच सांगत आले. शाळेत शिक्षिका झाल्यावर मुलींना सांगितली, एकदा भाषणातही सांगितली.

हे प्रकरण लिहायला घेतलं तेव्हा मी आपाला विचारायला गेले. ती आता बेकरीच्या वरच्या मजल्यावर राहते, गुडघे दुखतात, युनुसभाई खाली बसून अजून गिऱ्हाईकांशी बोलतात. मी म्हणाले, "आपा, मोटारीच्या खोलीपाशी तू त्यांना काय म्हणाली होतीस? लिहायचंय."

ती मटार सोलत होती. सोलता सोलताच म्हणाली, "मी म्हणाले, मी येते तुमच्याबरोबर."

मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली.

"ते म्हणाले, सुरतेत एक आहे. हात गेला तेव्हा तिने केलं. एक पोरगाही आहे. मी म्हटलं, तरी येते. ते गप्प बसले. मी परत म्हटलं. तरी गप्पच." तिने शेंग चिमटीत दाबली. "आईच्या भीतीने आले होते. कोर्टात जाऊन हो म्हणाले असते, मला नांदगावला टाकून परत सुरतेला गेले असते. आणि ओसरीवर त्यांनी तोंडाने तलाक म्हटलं असतं, तर अब्बांना काय वाटलं असतं? नवऱ्याने टाकली म्हणाले असते लोक. मग मी म्हटलं, मीच मागते, तुम्ही फक्त कबूल म्हणा."

इतकी वर्षं मी मुलींना कुठली गोष्ट सांगत होते, हे मला समजेना. ती खोटी होती असंही म्हणता येईना. मागितलं तर तिनेच होतं, मोठ्याने, सगळ्यांसमोर.

"मग एवढी रडलीस ती कशासाठी?" मी विचारलं. "तो नाही म्हणाला म्हणून, की सुटलीस म्हणून?"

आपाने मटाराची ताटली माझ्याकडे सरकवली, अर्ध्या शेंगा माझ्यापुढे ओतल्या आणि म्हणाली, "ते मलाच अजून कळलेलं नाही, नसीम. सोल."